सहावी ओळ : बालभारतीला खुले पत्र

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे यांस



मागणं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं तरी विषय हरवणार नाही. अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रासाठी बालभारतीने मराठीतून, फोनवर चालणारी, ओळीओळीला तपासणारी सरावाची सोय करावी. पीडीएफ नको, व्हिडिओ नको, चार पर्यायांतून एक निवडा असली प्रश्नमंजूषाही नको. विद्यार्थ्याने सिद्धतेची एक ओळ मांडली की ती तिथल्या तिथे बघणारी, आणि चुकली असेल तर काय चुकलं ते मराठीत सांगणारी सोय हवी. असं काही जगात नाही असं नाही. ते पन्नास वर्षांहून जुनं आहे. मराठीत नाही, एवढंच.

मी मालवण तालुक्यात कला शाखेच्या मुलांना हा विषय शिकवते. बालभारतीने २०१९ मध्ये अकरावीचं आणि २०२० मध्ये बारावीचं तर्कशास्त्राचं नवं पुस्तक काढलं. पुस्तकं नेटकी आहेत आणि संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, ही तर फारच मोठी गोष्ट. आचऱ्याच्या मुलीला जे पुस्तक मिळतं तेच पुण्याच्या मुलीला मिळतं. फरक पडतो तो पुस्तक मिटून वही उघडल्यावर. उदाहरणं सोडवून सोडवून सिद्धता हाताला बसते, हे आम्ही सगळेच सांगतो. सोडवलेलं तपासायचं कुणी, हे कुणी सांगत नाही. वह्यांचा गठ्ठा शनिवारी घरी न्यायचा, पुढच्या आठवड्यात कधीतरी परत करायचा. तोवर त्या मुलीने तीच चूक पुढच्या दहा उदाहरणांत केलेली असते आणि तिला ती आता चूक वाटतच नाही. जाळं विणताना एक गाठ चुकली आणि पुढचे चार हात विणून झाले, की ते उसवायला कुणी तयार होत नाही, तसं होतं ते. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्राला बहुधा एकच शिक्षक. घरी कुणाला विचारावं तर हा विषय घरात कुणी ऐकलेला नसतो. शहरात निदान क्लासवाले असतात. आमच्याकडे गाईड असतं, आणि गाईडमधली सिद्धता मुलं कवितेसारखी पाठ करतात.

पाठ करून गुण मिळतात, हीच खरी अडचण आहे. कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये झालं आणि तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा निकाल राज्यात पहिला. बारावीला २०२४ मध्ये ९७.५१ टक्के, २०२५ मध्ये ९६.७४. दरवर्षी पेढे, दरवर्षी फलक. आम्हालाही अभिमान आहे, का नसावा? पण त्या फलकामागचा युक्तिवाद जरा उलगडून बघा. विषय समजला असेल तर गुण मिळतात. गुण मिळाले. म्हणून विषय समजला. अकरावीच्या मुलाने हा युक्तिवाद वैध म्हणून लिहिला तर मी त्याला शून्य देईन. उत्तरांग ('तर'चा भाग) मान्य करून पूर्वांग ('जर'चा भाग) पदरात पाडून घेण्याचा हा दोष आहे.

आता एक उदाहरण समोर ठेवते, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेत जाईल. आधारविधानं तीन. पहिलं: डिझेल भरलेलं असेल आणि हवा बरी असेल, तर होडी सुटते. दुसरं: होडी सुटली नाही. तिसरं: डिझेल भरलेलं होतं. निष्कर्ष: हवा बरी नव्हती. धक्क्यावरचा पाचवीतला पोरगाही हे सांगेल. सिद्धता लिहा म्हटलं की मात्र बारावीतले घुटमळतात. पहिल्या-दुसऱ्या ओळींवरून चौथी ओळ मिळते: 'डिझेल भरलेलं आणि हवा बरी' हे दोन्ही मिळून खरं नाही. नियम मोडस टोलेन्स, वर्गाच्या भाषेत एम.टी. चौथीवरून पाचवी: डिझेल भरलेलं नव्हतं, किंवा हवा बरी नव्हती. नियम डी मॉर्गनचा. आणि शेवटची, सातवी: हवा बरी नव्हती.

मधली सहावी ओळ बहुतेक मुलं गिळतात. पाचव्या ओळीत दोन पर्याय आहेत. त्यांपैकी एकाचा निषेध केला की दुसरा उरतो, हा नियम लावायचा आहे. पण तिसऱ्या ओळीत आपल्याकडे आहे 'डिझेल भरलेलं होतं'. पाचव्या ओळीतला पर्याय आहे 'डिझेल भरलेलं नव्हतं'. त्याचा आकाराने निषेध म्हणजे 'डिझेल भरलेलं नव्हतं, असं नाही'. म्हणून तिसऱ्या ओळीवर दुहेरी नकाराचा नियम लावून सहावी ओळ लिहावी लागते, आणि मगच सातवी. मुलं म्हणतात, हे तर एकच झालं! बरेच परीक्षकही तसंच मानतात आणि गुण देऊन मोकळे होतात. मुलीला कळलंय हे दिसतंय, मग एका दुहेरी नकारासाठी कशाला कापायचं?

ओळ तपासणारं यंत्र तसं करत नाही. सहावी ओळ नसेल तर ते सातवी स्वीकारत नाही, मग तुम्ही डोकं आपटा. पहिल्यांदा मुलं चिडतात. पण त्या चिडण्यातच विषयाचा गाभा आहे. यंत्राला डिझेल म्हणजे काय ते ठाऊक नाही, हवा ठाऊक नाही, होडी तर नाहीच. त्याला फक्त चिन्हांचा आकार दिसतो. आकारिक तर्कशास्त्राला आकारिक का म्हणतात हे मी फळ्यावर सतरा वेळा सांगते आणि मुलं सतरा वेळा मान डोलावतात. पण समोरचा परीक्षक खरोखरच अर्थाला आंधळा आहे हे जाणवलं, की मग त्यांना उमगतं की इथे आपल्यालाही अर्थ घटकाभर बाजूला ठेवायचा आहे. हे मी शिकवू शकत नाही. मला अर्थ कळतो ना! मी मुलीच्या डोळ्यांकडे बघून तिला काय म्हणायचंय ते ओळखते आणि तिची गाळलेली ओळ मनातल्या मनात भरून घेते.

याच उदाहरणात आणखी एक चूक हमखास होते, आणि यंत्र कसं असावं ते तिच्यावरून सांगता येईल. 'आणि'ने जोडलेल्या विधानातून पहिला भाग सुटा काढता येतो, हा नियम मुलांचा फार लाडका, कारण सगळ्यांत सोपा. पहिल्या ओळीत 'आणि' दिसला की काही जण तिथून थेट 'डिझेल भरलेलं होतं' काढून मोकळे होतात. पण तो 'आणि' जर-तरच्या पोटातला आहे. अनुमानाचा नियम अख्ख्या ओळीला लागतो, तिच्या आतल्या तुकड्याला नाही. इथे यंत्राने नुसती लाल फुली मारली तर मुलगा दुसरा नियम लावून बघेल, मग तिसरा. याउलट त्याने एवढंच सांगितलं की 'हा या ओळीचा मुख्य जोड नाही. मुख्य जोड जर-तर आहे', तर काम झालं. आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याने एक परिस्थिती उभी करून दाखवावी: डिझेल नाही, हवा बरी नाही, होडीही सुटली नाही, बघ, पहिली ओळ खरी राहते आणि तू काढलेली खोटी ठरते. प्रतिउदाहरण दाखवलेली चूक मुलं पुन्हा करत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण तिच्याशी वाद घालत नाहीत, हे नक्की.

जगात हे कुठवर आलंय ते थोडक्यात सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञ पॅट्रिक सुपेस यांनी १९६० च्या दशकात प्राथमिक शाळेच्या मुलांना संगणकाच्या टर्मिनलवर तर्कशास्त्र शिकवून पाहिलं, आणि १९७२ पासून विद्यापीठातला तर्कशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्णपणे संगणकावर चालवला. पुढे तिथलेच जॉन बारवाइज आणि जॉन एचमेंडी यांनी 'टार्स्कीज वर्ल्ड' नावाची आज्ञावली केली. पडद्यावर पट, पटावर घन आणि इतर घनाकृती, कुणी लहान कुणी मोठी. विद्यार्थ्याने तर्काच्या भाषेत वाक्य लिहायचं आणि यंत्राने सांगायचं, तुझ्या या जगात ते खरं की खोटं. खोटं निघालं की विद्यार्थी एकतर वाक्य बदलतो नाहीतर जग बदलतो. १९९९ मध्ये त्यांचं 'लँग्वेज, प्रूफ अँड लॉजिक' हे पाठ्यपुस्तक आलं आणि त्याच्याबरोबर दुरून उत्तरं तपासणारी यंत्रणाही आली. तिच्याकडे लाखो उत्तरं जमली. २००८ मध्ये त्यांच्या गटाने त्यातल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या भाषेतलं वाक्य चिन्हांत मांडताना विद्यार्थी पूर्वांग आणि उत्तरांग यांची अदलाबदल करतात, ही त्यातली एक ठळक चूक. तिकडच्या विद्यार्थ्यांच्या चुका आणि मालवणातल्या मुलांच्या चुका इतक्या सारख्या निघाव्यात याचं मला आश्चर्य वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

ती पुस्तकं आणि आज्ञावल्या विकत घ्याव्या लागत. आता तसंही राहिलेलं नाही. पी. डी. मॅग्नस यांचं 'फॉर ऑल एक्स' हे पाठ्यपुस्तक २००५ पासून मुक्त परवान्याखाली आहे. कॅल्गरी विद्यापीठातल्या रिचर्ड झाख यांनी त्याची वाढवलेली आवृत्ती तशीच मोकळी ठेवली. ग्रॅहम लीच-क्राउस आणि जेक एरलिक यांनी केलेली 'कार्नॅप' ही आज्ञावली सिद्धता ओळीओळीला तपासते, फुकट आहे, तिची संहिता उघडी आहे, आणि शिक्षकाला तीत स्वतःची उदाहरणं घालता येतात. म्हणजे चाक नव्याने शोधायचं नाही. ते मराठी करायचं, आपल्या पुस्तकातल्या नियमांना जुळवायचं आणि फोनवर आणायचं, एवढंच काम आहे. आपल्या पुस्तकातली नऊ अनुमानाचे आणि दहा समतुल्यतेचे नियम ही मांडणी अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अर्व्हिंग कोपी यांच्या पाठ्यपुस्तकांच्या परंपरेतली. ती यंत्राला नवीन नाही.

मराठी करायचं म्हणजे बटणांची नावं मराठी करायची, असं मात्र कृपा करून समजू नका. वाक्यं मराठी हवीत, आणि ती इथली हवीत. पर्ससीनचा, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा, वाद आमच्या किनाऱ्यावर किती पेटलेला असतो ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचतच असाल. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश काढून ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती ठेवली. आता दोन वाक्यं घ्या. 'परवाना असेल तर पर्ससीन टाकता येतं.' 'परवाना असेल तरच पर्ससीन टाकता येतं.' पहिलं खोटं आहे. परवाना खिशात असला तरी एप्रिलमध्ये टाकता येत नाही. दुसरं खरं आहे. चिन्हांत मांडताना दुसऱ्या वाक्यात दिशा उलटते: टाकता येत असेल, तर परवाना आहे. एका 'च'ने पूर्वांग तिकडे जातं आणि उत्तरांग इकडे येतं. पुस्तकातल्या कुठल्यातरी 'राम' आणि 'सीता'वाल्या वाक्यात मुलं इथे हटकून चुकतात. पर्ससीनचं वाक्य दिलं तर रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या, घरातलं पोर एकदम भानावर येतं, कारण त्या 'च'वर घरात जेवताना भांडण झालेलं असतं.

ओळखीच्या विषयात तर्क लवकर उमगतो, याला आधार नाही असं नाही. पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम पाळला गेलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटावे लागतील? शिकली-सवरलेली माणसंसुद्धा यात सपाटून आपटतात. स्वराचा पत्ता जवळजवळ सगळे उलटतात, विषम आकड्याचा फार थोडे. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात तोच आकार दारू पिण्याच्या वयाच्या कायद्यात घालून विचारला, तर सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं. मी वर्गात पावसाळी बंदी वापरते. यांत्रिक नौका असेल तर १ जून ते ३१ जुलै ती मासेमारीला जाणार नाही. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना बंदी नाही. पत्ते चार: 'यंत्राची', 'बिनयंत्राची', 'समुद्रात', 'धक्क्याला'. बंदी मोडली का ते तपासायचंय, कुठले पत्ते उलटाल? 'यंत्राची' आणि 'समुद्रात', असं उत्तर जवळजवळ लगेच येतं. धक्क्याला असलेली होडी का नको, असं विचारलं तर देवबागच्या एका मुलीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, बिनयंत्राची पण पावसात धक्क्याकच आसता. तेच्यातसून काय कळतला?"

त्याच मुलीला स्वर आणि सम आकड्यांचे पत्ते दिले तेव्हा ती अडली. म्हणजे तिच्याकडे तर्क होता, पण त्याचा आकार तिला होडीपासून वेगळा करता येत नव्हता. सरावाची सोय याच वाटेने जायला हवी: होडीपासून सुरू करून, एकेक पायरी अर्थ कमी करत, नुसत्या चिन्हांपर्यंत. छापील पुस्तकात पानं मोजकी असतात, त्यात दोन पायऱ्या मावतात. फोनवर वीस मावतील.

अर्थात इथलीच वाक्यं घेतली की ती कधीकधी बोचतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं होतं. वारा ताशी ४५ किलोमीटर वेगाने वाहत होता, असं सरकारतर्फे सांगण्यात आलं. तर्कदोषांचं प्रकरण तेव्हा वर्गात चालू होतं. वारा कारण असेल तर वारा असला पाहिजे, वारा होता, म्हणून वारा कारण. मुलांनीच तो आकार ओळखला, निकालाच्या फलकाचा होता तोच. मागच्या बाकावरून आवाज आला, "मगे माड कशे उभे रवले?" टाळ्या पडल्या. मग आम्हाला माडाचा युक्तिवादही तपासावा लागला, कारण माड लवतो आणि पुतळा लवत नाही. एकाच्या उभं राहण्यावरून दुसऱ्याबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. टाळ्या ओसरल्या, पण तास चांगला झाला. हे उदाहरण पुस्तकात छापा असं मी म्हणत नाही, तुमच्या अडचणी मला कळतात. पण शिक्षकाला आपापल्या गावची वाक्यं भरता येतील अशी जागा त्या सोयीत ठेवा. तेवढं केलंत तर बाकीचं आम्ही बघू.

आता यंत्राच्या मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई यंत्रावर भाळली. एक तर बरोबरची हिरवी खूण मिळेपर्यंत नियम बदलत राहायची सवय लागते. नियम एकोणीसच, कधीतरी लागतोच. हिरवी खूण आली म्हणजे समजलं, हा पुन्हा तोच उत्तरांगाचा दोष, फक्त परीक्षक बदलला. यावर तोडगा आहे: पुढची ओळ मांडण्याआधी 'हा नियम का?' हे एका वाक्यात लिहायला लावायचं, आणि ते वाक्य यंत्राने तपासायचं नाही, शिक्षकाने चाळायचं. दुसरं, वाक्याचं चिन्हांत रूपांतर यंत्राला नीट तपासता येईलच असं नाही. 'मासे मिळाले तरी भाव नाही' हे वाक्य चिन्हांत 'मासे मिळाले आणि भाव नाही' एवढंच उरतं. 'पण', 'तरी', 'असून' या सगळ्यांच्या जागी 'आणि'चं चिन्ह असलेला तोच एक ठिपका. मुलं म्हणतात, मॅडम, यातलं दुखणं कुठे गेलं? गेलंच. ते जातं हे मान्य करून, काय राहिलं ते बघायचं असतं. ही चर्चा माणसाचीच. तिसरं, हे सगळं परीक्षेच्या गुणांना जोडू नका. जोडलंत की गाईडवाले दुसऱ्या दिवशी 'यंत्राची उत्तरं' छापतील.

आणि हल्लीची नवी गोष्ट. मुलं सिद्धता चॅटबॉटला विचारतात. १ मे २०२५ ला आमचा जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण चॅटबॉट सिद्धता देतो ती दिसायला झकास असते. ओळींना क्रमांक, कडेला नियम, सगळं जिथल्या तिथे. आणि मध्येच एखादी ओळ आधीच्या ओळींतून निघतच नाही. त्याला बरोबर वाटणारं लिहायला शिकवलेलं असतं. ओळ तपासणारी आज्ञावली वेगळी, ती अंदाज करत नाही. चॅटबॉटने दिलेली सिद्धता तपासणाऱ्या आज्ञावलीत घालून ती नेमकी कुठल्या ओळीला अडते ते शोधा, हा मुलांना देण्यासारखा उत्तम गृहपाठ आहे. पण त्यासाठी मराठीत ती आज्ञावली हवी.

हा विषय मराठीला उपरा आहे, असं तुमच्या समितीत कुणी म्हणालं तर त्यांना वाईची आठवण करून द्या. तिथे मराठी विश्वकोश ज्यांनी उभा केला ते लक्ष्मणशास्त्री जोशी 'तर्कतीर्थ' होते, आणि ती पदवी त्यांनी कलकत्त्याला परीक्षा देऊन मिळवली होती. त्याच्याही आधी आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याचे अवयव सुटे करून दाखवले. मे. पुं. रेगे यांनी आकारिक तर्कशास्त्र मराठीत आणलं. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधायला, जिंकायला, आणि नुसतं समोरच्याला पाडायला. यातले शेवटचे दोन आमच्याकडे दशावताराच्या रंगमंचावर रात्रभर ऐकायला मिळतात, तेही संहितेशिवाय, जागच्या जागी रचलेल्या संवादांत. पहिल्याचा सराव कमी पडतो, त्यासाठी वर्ग.

काही बारीकसारीक गोष्टी आहेत, पण सोय वापरली जाणार की पडून राहणार हे त्यांच्यावरच ठरतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकात जर-तरसाठी घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आहे, तर बारावी विज्ञानाच्या गणितात, गणितीय तर्कशास्त्राच्या प्रकरणात, त्याच जोडासाठी बाण आहे. 'आणि'साठी इकडे ठिपका, तिकडे उलटा व्ही. शेजारशेजारच्या दोन वर्गांत एकच सत्यताकोष्टक फळ्यावर आहे आणि एका वर्गाला दुसऱ्याचं वाचता येत नाही. दोन्ही पुस्तकं तुमचीच. सोय करताना चिन्हं बदलण्याचं एक बटण द्या, म्हणजे एकच सराव दोन्ही शाखांना चालेल आणि खर्चाचं समर्थन करणंही तुम्हाला सोपं जाईल. फोनच्या कळफलकावर ही चिन्हं सापडत नाहीत, तेव्हा ती खाली ओळीने मांडलेली असावीत आणि बोटाने उचलून ठेवता यावीत. राज्याचा शालेय शिक्षणाचा नवा आराखडा २०२४ मध्ये आलेला आहेच. अकरावी-बारावीची पुस्तकं बदलायला घ्याल तेव्हा हे पहिल्या बैठकीतच ठेवा, शेवटच्या बैठकीत परिशिष्ट म्हणून नको.

आणि हे ऑफलाइन चालायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी घालून पावसात ऑनलाइन तास केले. तिचं देशभर कौतुक झालं. कौतुक होण्यासारखीच ती होती, पण अशी कौतुकं वरचेवर करायची वेळ येऊ नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावर विजेचाच पत्ता नव्हता. सिद्धता तपासायला फार मोठं यंत्र लागत नाही. साध्या फोनवर, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय, हे सगळं होऊ शकतं. मुलाने सोडवलेलं फोनमध्ये साठावं आणि नेटवर्क आलं की शिक्षकाकडे जावं.

फोन कुणाचा, हाही प्रश्न आहेच. सराव का केला नाही, असं विचारलं की कोळीवाड्यातल्या मुलांचं एक उत्तर ठरलेलं: "फोन बापाशीकडे आसा, तो दर्यात गेलो." ते खोटं नसतं. समुद्रावर जाणाऱ्याला फोन हवाच, आणि घरात दुसरा नसतो. पण बारावीचे वर्ग जूनमध्ये भरतात आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाप घरी, फोनही घरी, आणि बाहेर पाऊस असल्यामुळे मुलंही घरी. तेव्हा सगळी पुस्तकं एकदम नकोत. प्रयोग म्हणून बारावीचं सिद्धतेचं एकच प्रकरण घ्या, मराठीतून, ऑफलाइन, आणि ते जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हातात द्या. ऑगस्टमध्ये दिलंत तर किनाऱ्यावरच्या मुलांसाठी ते पुढच्या वर्षीचंच झालं.

आपली,
तर्कशास्त्राची एक शिक्षिका
मालवण, जि. सिंधुदुर्ग